रूळ एक करा, मालक नको: कन्सोल कंपन्यांच्या भागीदारीविषयी एक धागा

१/
सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो यांनी वैर सोडून भागीदारी करावी आणि सर्वांसाठी मिळून एकच कन्सोल काढावा, अशी मागणी खेळाडूंच्या चर्चेत वारंवार होते. तिच्यामागची अडचण खरी आहे. एका यंत्रासाठी घेतलेला खेळ दुसऱ्यावर चालत नाही, आणि मित्राकडे वेगळे यंत्र असेल तर एकत्र खेळणेही अनेकदा अशक्य होते. परंतु अडचण खरी असली म्हणून सुचवलेला उपाय योग्य ठरतोच असे नाही. या धाग्यात तो उपाय इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहू. सुरुवात जपानमधून नव्हे, लासूर स्टेशनपासून करू.

२/
ज्यांना हे गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी: लासूर स्टेशन हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. मनमाडहून येताना नगरसोल, रोटेगाव, परसोडा ही स्थानके मागे पडली की ते लागते. दाक्षायणी देवीचे लासूरगाव वेगळे आणि जुने; आमच्या गावाच्या नावातच ‘स्टेशन’ आहे. येथील माल मुंबईच्या दिशेने जायचा तर मार्ग मनमाडवरूनच. कन्सोलविषयी आज आपण जे भांडतो आहोत, ते भांडण याच मार्गावर नव्वदहून अधिक वर्षे लोखंडात ओतलेले होते.

३/
मुद्दा होता रुळांच्या रुंदीचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी ५ फूट ६ इंच रुंदीच्या, म्हणजे ब्रॉडगेज रुळांवरून धावली. इंग्लंडमध्ये दोन रुंदींच्या रुळांनी घातलेला गोंधळ लॉर्ड डलहौसीने पाहिला होता. हिंदुस्थानात सर्वत्र एकच रुंदी असावी, असा त्याचा आग्रह होता. पुढे १८७०च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या काळात खर्चाचा विचार वरचढ ठरला आणि स्वस्त पडणारे, एक मीटर रुंदीचे मीटरगेज रूळ मान्य झाले. एका देशात दोन रुंदी आल्या.

४/
निजामाच्या राज्यातही हेच घडले. १८७४ मध्ये वाडी ते हैदराबाद हा मार्ग सुरू झाला तो ब्रॉडगेज; वाडीला तो ग्रेट इंडियन पेनिन्सुलाला सरळ जुळत होता. परंतु विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मराठवाड्यातून जाणारा हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग बांधला गेला तो मीटरगेज. हाच लासूरवरून जाणारा मार्ग. त्याचे पश्चिमेकडील टोक मनमाडला होते, आणि मनमाडला मुंबईची गाडी उभी असे ती ब्रॉडगेज रुळांवर.

५/
याचा व्यवहारातला अर्थ काय? मराठवाड्यातून निघालेली मालाची वॅगन मनमाडपर्यंत जाई आणि तेथे थांबे. पुढचे रूळ ६७६ मिलिमीटरने अधिक रुंद; तिची चाके त्यांवर बसणेच शक्य नाही. मग हमालांनी माल उतरवायचा, दुसऱ्या वॅगनमध्ये भरायचा. वेळ, मजुरी, नासधूस आणि पावसाळ्यात माल भिजण्याची धास्ती, या साऱ्यांचा भार शेवटी शेतकऱ्याच्या भावावर किंवा गिऱ्हाइकाच्या किमतीवर पडे. प्रवाशांनाही सामानसुमान घेऊन गाडी बदलावी लागे. दोन्ही रूळ आपापल्या जागी उत्तम होते. नुकसान होत होते ते सांध्यावर.

६/
रुळांखेरीज आणखी एक अडसर होता: करोडगिरी, म्हणजे निजामी राज्याची जकात. ब्रिटिश मुलुख आणि निजामी मुलुख यांच्या दरम्यान जाणाऱ्या मालावर ती आकारली जाई. १८०२च्या व्यापारी तहाने तिचा दर पाच टक्के ठरवला होता. येथे एक भेद लक्षात ठेवा. रुळांची रुंदी हा तांत्रिक अडसर होता, तर करोडगिरी हा सत्तेचा. रूळ उद्या एक झाले असते तरी करोडगिरी आपोआप उठली नसती.

७/
आता हेच कन्सोलच्या भाषेत मांडू. यंत्राची घडण आणि खेळाचे स्वरूप म्हणजे रूळ. कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून खेळ विकला की ती जो वाटा कापून घेते, साधारणतः तीस टक्के, ती करोडगिरी. आणि कंपनीची मालकी म्हणजे रेल्वेची मालकी. ‘भागीदारी करा’ असे म्हणताना आपण या तिन्ही गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो. माझा सारा युक्तिवाद इतकाच आहे की त्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या पाहिजेत.

८/
कारण मालक एक झाल्याने रूळ एक होत नाहीत. याचा पुरावा याच मार्गावर आहे. निजाम सरकारने १९३० मध्ये ही रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली आणि तिच्यात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे व निजाम स्टेट रेल्वे दोन्ही विलीन झाल्या. मनमाडला समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही गाड्या आता एकाच मालकाच्या होत्या. कोणी म्हणेल, आता तरी माल उतरवणे थांबले असेल!

९/
ते थांबले नाही. पुढची चार दशके मनमाडला दोन रुंदींचे रूळ तसेच राहिले. काचीगुडा ते मनमाड धावणारी मीटरगेजची अजंता एक्स्प्रेस नावाजलेली होती, पण मुंबईला जाणाऱ्याला मनमाडला उतरावेच लागे. १९६६ मध्ये हा भाग दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला, तरी रूळ तेच. एकच मालक असल्याने निकड उलट कमी झाली असे मला वाटते. ज्याच्याकडे दोन्ही मार्ग आहेत, त्याला गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती कशाची?

१०/
रूळ बदलले ते लोकांच्या रेट्याने. मराठवाडा जनता विकास परिषदेने गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली ब्रॉडगेजची मागणी लावून धरली. १९९२ मध्ये देशभर एकच रुंदी आणण्याचे धोरण भारतीय रेल्वेने स्वीकारले. त्या दशकाच्या पूर्वार्धात मनमाडकडून मराठवाड्यात येणारा हा मार्ग ब्रॉडगेज झाला. मालक एक होऊन चाळीस वर्षे लोटली होती.

११/
आता याच्या नेमके उलट उदाहरण पाहा. ब्रिटनमध्ये रेल्वे कंपन्या अनेक होत्या आणि एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी होत्या. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने ७ फुटांहून थोडे अधिक रुंद रूळ घातले होते, इतरांनी ४ फूट साडेआठ इंचांचे. ग्लॉस्टरच्या स्थानकावर मनमाडसारखीच उतरवाउतरवी चाले. १८४६ मध्ये संसदेने कायदा करून नव्या प्रवासी मार्गांसाठी सर्वसाधारण नियम म्हणून अरुंद रुंदी ठरवली. मे १८९२ मध्ये ग्रेट वेस्टर्नने आपले उरलेले रुंद रूळही बदलले. कंपनी मात्र १९४७च्या अखेरपर्यंत स्वतंत्रच राहिली.

१२/
दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवा. भारतात मालक एक आणि रूळ दोन. ब्रिटनमध्ये मालक अनेक आणि रूळ एक. म्हणजे ‘कंपन्या एकत्र आल्या की खेळ सर्वत्र चालतील’ या विधानातला कार्यकारणभावच कच्चा आहे. एकत्र येणे पुरेसे नाही, आणि आवश्यकही नाही. हे ध्यानात ठेवून आता कन्सोलच्या स्वतःच्या इतिहासाकडे वळू. तेथे भागीदारीचा सर्वांत गाजलेला प्रयोग निन्टेंडो आणि सोनी यांचाच आहे.

१३/
१९८०च्या दशकाच्या अखेरीस सोनीतील अभियंता केन कुतारागी याने निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉमसाठी ध्वनीची चिप तयार केली. पुढे दोन्ही कंपन्यांत करार झाला: त्या यंत्राला सोनीने सीडीची जोड द्यायची. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ‘प्ले स्टेशन’ नावाचे यंत्र जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने त्याच प्रदर्शनात सांगितले की आपण सीडीसाठी फिलिप्सबरोबर काम करणार आहोत.

१४/
ही केवळ दगाबाजीची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण वाद तंत्राचा नव्हता. करारात सीडीवरील खेळांच्या परवान्यांचे नियंत्रण सोनीकडे जाईल अशी तरतूद होती, आणि निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना ते परवडणारे नव्हते. निन्टेंडोचे उत्पन्न परवान्यांवर उभे होते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर रूळ जोडायला दोघे राजी होते. भांडण झाले ते करोडगिरी कोणी वसूल करायची यावरून.

१५/
पुढचे सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर १९९४ मध्ये सोनीने स्वतःचे प्लेस्टेशन जपानमध्ये विकायला काढले आणि त्या पहिल्या पिढीची दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. निन्टेंडो कार्ट्रिजवर राहिली आणि १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ घेऊन आली. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्सबॉक्ससह उतरली. खेळ बनवणाऱ्यांना एकापेक्षा अधिक दारे मिळाली. एका दाराच्या अटी जाचक वाटल्या तर दुसरे ठोठावता येऊ लागले. मोडलेल्या भागीदारीतून खेळाडूंचे जे भले झाले ते जुळलेल्या भागीदारीतून झाले असते का, याची मला दाट शंका आहे.

१६/
मग एकच प्रमाण आणि उत्पादक अनेक, असा प्रयोग कोणी केलाच नाही का? केला. जून १९८३ मध्ये जपानच्या आस्की कंपनीचे काझुहिको निशी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एमएसएक्स हे घरगुती संगणकाचे प्रमाण जाहीर केले. सोनी, पॅनासॉनिक, तोशिबा, फिलिप्स अशा अनेकांनी त्या प्रमाणाची यंत्रे काढली. कार्ट्रिज एका कंपनीच्या यंत्रातून काढून दुसरीच्या यंत्रात घातली तरी चालत असे. जपान, नेदरलँड्स, स्पेन, ब्राझील येथे ते रुजले, अमेरिकेत नाही. ‘मेटल गिअर’ हा खेळ १९८७ मध्ये प्रथम याच कुळातील यंत्रावर आला.

१७/
दुसरा प्रयोग ३डीओचा. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स यांनी असे ठरवले की यंत्राचा आराखडा आपण द्यायचा, यंत्रे पॅनासॉनिक, गोल्डस्टार, सान्यो यांनी बनवायची. ऑक्टोबर १९९३ मध्ये पॅनासॉनिकचे यंत्र अमेरिकेत आले, किंमत ६९९ डॉलर. दोन वर्षांनी तेथेच प्लेस्टेशन आले ते २९९ डॉलरला. ३डीओ फार काळ टिकले नाही.

१८/
६९९ आणि २९९ या अंतराचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण माझ्या बाजूच्या युक्तिवादालाही ते अडचणीचे आहे. कन्सोल कंपन्या यंत्र अनेकदा अत्यल्प नफ्यावर, प्रसंगी तोट्यात विकतात आणि तूट खेळांच्या वाट्यातून भरून काढतात. पॅनासॉनिकला खेळांतून मिळकत नव्हती. तिला नफा यंत्रावरच कमवायचा होता. म्हणजे आज आपल्याला जे यंत्र त्यातल्या त्यात परवडते, ते काही अंशी बंदिस्त दुकानामुळेच. करोडगिरी पूर्ण उठवा म्हणणाऱ्याने यंत्र महागेल हेही सांगितले पाहिजे.

१९/
तिसरा प्रयोग कोणी ठरवून केला नाही, पण तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवला असेल. आपल्याकडच्या गावोगावी मिळणारे ‘टीव्ही गेम’ आठवा. खोक्यावर नाव कोणतेही असो, आत बहुधा निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल असे आणि तिला साठ पिनांची तीच ‘कॅसेट’ लागे. म्हणून शेजाऱ्याची कॅसेट आपल्या यंत्रात चाले. लहान गावांत सामायिक रूळ असे चोरवाटेने आले. खेळ बनवणाऱ्यांना मात्र त्यातून छदामही मिळाला नाही. सुविधा किती मोठी असते हे त्या कॅसेटने दाखवले, आणि भाडे न देता रेल्वे फार काळ चालत नाही हेही.

२०/
आता पूर्ण भागीदारीच्या धोक्याकडे. प्रतिस्पर्धी एकत्र बसले की ते रुळांविषयीच बोलतील याची शाश्वती नसते. १९२४ मध्ये ओसराम, फिलिप्स आदी दिव्यांच्या उत्पादकांनी जिनिव्हात ‘फीबस’ नावाची संघटना केली. बाजारपेठा वाटून घेतल्या आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणायचे ठरवले. ज्याचा दिवा अधिक टिकेल त्या उत्पादकाला दंड! दिव्याचे मापन सर्वत्र सारखे व्हावे हे प्रमाणीकरण लोकांच्या सोयीचे असते. दिवा लवकर जावा हे प्रमाणीकरण कोणाच्या सोयीचे, ते सांगायला नको.

२१/
म्हणूनच आपल्या स्पर्धा कायदा, २००२ मधील तिसरे कलम प्रतिस्पर्ध्यांनी मिळून किंमत ठरवणे, पुरवठा आवळणे, बाजार वाटून घेणे यांस मज्जाव करते. त्याच कलमात कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना मोकळीक ठेवली आहे. कायद्याने हा भेद ओळखला आहे. ‘सगळ्यांनी एक व्हा’ म्हणताना आपण तो विसरतो. तीन कंपन्यांचा एकच कन्सोल म्हणजे एकच किंमत, एकच दुकान आणि एकच नियमावली. आवडले नाही तर जाणार कुठे? उलट, याच तिघांचे खेळ एकमेकांना जुळावेत म्हणून सांधा बसवणे ही वेगळीच गोष्ट आहे.

२२/
सांधा बसवण्याचे काम रेल्वेवाल्यांनी उत्तम करून दाखवले आहे. १८४२ मध्ये ब्रिटिश कंपन्यांनी रेल्वे क्लिअरिंग हाउस स्थापन केले. प्रवासी एका कंपनीचे तिकीट काढून तीन कंपन्यांच्या रुळांवरून जाई. कोणाला किती वाटा द्यायचा हे हिशेबनीस ठरवत. जंक्शनवर या संस्थेची माणसे उभी राहून जाणाऱ्या वॅगनचे क्रमांक टिपून घेत. हिंदुस्थानातही विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन उभी राहिली आणि वॅगन अदलाबदलीचे नियम तिने घातले. कंपन्यांची स्पर्धा चालूच राहिली, आणि वॅगन मात्र पुढे जात राहिली.

२३/
कन्सोलच्या जगात या सांध्याची कहाणी २०१८ ची आहे. जूनमध्ये ‘फोर्टनाइट’ निन्टेंडो स्विचवर आला. ज्यांचे खाते आधी प्लेस्टेशनशी जोडलेले होते त्यांना ते स्विचवर वापरताच येईना. स्वतःच्याच खात्यातून बाहेर! त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या दोघांनी ‘माइनक्राफ्ट’ एकत्र खेळता येते अशी जोडीने जाहिरात केली. खेळाडूंचा संताप वाढत गेला आणि सप्टेंबरमध्ये सोनीने ‘फोर्टनाइट’पुरते दार उघडले. मराठवाड्याला ब्रॉडगेज मिळाले ते ज्या कारणाने, त्याच कारणाने हे दार उघडले: लोकांनी मागणी सोडली नाही.

२४/
दार उघडले तरी उंबरठ्यावर वसुली राहिली. २०२१ मध्ये एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात समोर आले की एकत्र खेळण्याची मुभा देताना सोनीने खेळ बनवणाऱ्यांसाठी एक अट घातली होती: खेळाडू प्लेस्टेशनवर अधिक वेळ खेळून पैसे दुसरीकडे खर्च करत असेल, तर त्या तुटीची भरपाई द्यावी लागे. रूळ जुळले, करोडगिरी राहिली. दुसरीकडे, मे २०१९ मध्ये याच सोनीने मायक्रोसॉफ्टशी क्लाउड तंत्राबाबत सामंजस्य करार केला. जेथे कंपन्यांना गरज असते तेथे त्या सहज हात मिळवतात. प्रश्न खेळाडूला गरज असते तेथला आहे.

२५/
एक आक्षेप रास्त आहे: सर्व यंत्रांचे रूळ सारखे केले तर सर्व यंत्रे सारखीच होणार नाहीत का? निन्टेंडोने वी काढले, स्विच काढले, ते इतरांच्या वाटेने न गेल्यामुळेच. उत्तर पुन्हा रेल्वेतच आहे. रुळांची रुंदी एक असली म्हणून इंजिने एक झाली नाहीत. वाफेची, डिझेलची, विजेची तिन्ही त्याच रुळांवर धावली. म्हणून सामायिक करायच्या गोष्टी मोजक्या ठेवल्या पाहिजेत. यंत्राची घडण, खास खेळ, किमती हे सारे कंपन्यांनी आपापले ठेवावे.

२६/
मग सामायिक काय असावे? माझ्या मते तीन गोष्टी. एक, एकापेक्षा अधिक यंत्रांवर निघालेल्या खेळात सर्वांना विनाअट एकत्र खेळता यावे. दोन, खेळातील प्रगती आणि खाते खेळाडूच्या मालकीचे असावे. यंत्र बदलले तर ते सोबत यावे. तीन, एका दुकानात विकत घेतलेला खेळ दुसऱ्या यंत्रासाठीही उपलब्ध असेल, तर त्याची पूर्ण किंमत पुन्हा मोजावी लागू नये. यंत्रानुसार खेळ नव्याने घडवण्याचा वाजवी खर्च तेवढा घ्यावा. यंत्राची तूट भरून काढणारा वाटा कंपन्यांकडे तरीही राहतो, म्हणजे ३डीओची गत ओढवत नाही.

२७/
तिसरी मागणी स्वप्नाळू वाटते ना? २०१७ मध्ये अमेरिकेत डिस्नी, वॉर्नर, युनिव्हर्सल, फॉक्स आणि सोनी या प्रतिस्पर्धी चित्रपट कंपन्यांनी ‘मूव्हीज एनीव्हेअर’ सुरू केले. एका दुकानात घेतलेला चित्रपट दुसऱ्या दुकानाच्या खात्यातही दिसू लागला. यादीत सोनीचे नाव आहे, हे पुन्हा वाचा. आणि आपल्याकडे जानेवारी २०११ पासून मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. त्यासाठी मोबाइल कंपन्यांचे विलीनीकरण करावे लागले नाही. नियामकाने नियम केला आणि सांधा उघडला.

२८/
हा प्रश्न आमच्यासारख्या गावांना अधिक जिव्हाळ्याचा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आले तेव्हा डिस्कच्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. कांद्याचा भाव पाहून वर्षाची खरेदी ठरवणाऱ्या घरात असे यंत्र आले तर एकदाच येते. महानगरातला हौशी खेळाडू दोन यंत्रे घेऊन अडसर ओलांडू शकतो. ज्याच्याकडे एकच आहे, त्याच्यासाठी तो अडसर म्हणजे भिंत. मनमाडच्या उतरवाउतरवीचा भार असाच सर्वांवर सारखा पडत नसे. ज्याचा माल थोडा आणि नाशवंत, त्याला तो अधिक जड जाई.

२९/
म्हणून मूळ प्रश्नाचे माझे उत्तर: एकच कन्सोल, एकच दुकान अशी भागीदारी नको. सांध्यापुरते सहकार्य हवे, आणि ते कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता खेळाडूंनी आणि नियामकांनी मागून घ्यावे. १९५१ मध्ये मालक एक झाला तेव्हा मनमाडला कोणी पेढे वाटले असतील तर त्यांना आणखी चार दशके थांबावे लागले. कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या बातमीवर टाळ्या वाजवण्याआधी एवढेच विचारा: माझी वॅगन आता पुढे जाणार आहे, की फक्त दोन्ही फलाटांवरची पाटी बदलली आहे?

३०/
धागा येथे संपतो. तुमच्या गावात मीटरगेजची आठवण सांगणारी वडीलधारी मंडळी असतील तर मनमाड, मिरज किंवा अन्य कोणत्या जंक्शनवर त्यांना गाडी बदलावी लागे, किती वेळ जाई, सामान कोण उचले, हे विचारा आणि खाली लिहा. आणि माझ्या तीन मागण्यांपैकी जी पटत नसेल ती कारणासह खोडून काढा. पुढील धागा करोडगिरीच्या नाक्यांवर.